आडव्या खाचा

मी, धंद्याने सुतार, वयाने सत्तरीपलीकडचा, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दार आतून लावले आहे. वकिलाचा मसुदा दुसऱ्या वकिलाकडून तपासून घेतला आणि शेवटी दोघांचेही कागद बाजूला ठेवले. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. बरीच आहेत.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. माझ्या पश्चात तिचा भाऊ "ताई, तुला एकटीला झेपायचं नाही" म्हणत येईल. त्याला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

कलम २. हत्यारे मुलाला. मोठा रंधा याच मेहुण्याने मागून नेला होता. परत आला तो पात्याला खांडे पडून. विचारले तर म्हणाला, "आधीपासूनच होते."

कलम ३. आता विमान. कार्यशाळेत आढ्याला टांगलेले, दोन आसनांचे, दादाने आणि मी बांधलेले. उड्डाण क्लबवाले त्याच्याबद्दल वाटेल ते सांगतात, म्हणून खरे काय ते लिहून ठेवतो.

पहिले विमान एकाच माणसाचे होते. मोटारसायकलचे इंजिन, माझे लाकूड, शेजारच्या शिंप्याने शिवलेले पंखांचे कापड. दादा एकटाच वर जायचा आणि खाली येऊन म्हणायचा, "झकास चाललं." मग पंखाला झाडाचा पाला कसा अडकला, ते काही सांगायचा नाही. म्हणून दुसऱ्या विमानात मी त्याच्या मागे एक आसन केले. मागून नुसती त्याची मान दिसायची, हात काय करतात ते कळेना. म्हणून तिसऱ्यात आसने शेजारी-शेजारी आली आणि माझ्यापुढेही विमान चालवायचा एक दांडा आला.

दादा म्हणाला, "तुझा माझ्यावर काडीचाही भरवसा नाही."

मी म्हणालो, "नाही."

क्लबने शिकाऊंसाठी तशीच विमाने आमच्याकडून बांधून घेतली. दुसऱ्या दांड्याचे फार कौतुक झाले.

कलम ४. आमच्याकडे स्क्रू आवळला की त्याची खाच नाकाकडून शेपटाकडे सरळ ठेवायची. कुणी हात लावला की लगेच दिसते. पद्धत अर्थातच माझी. शेवटच्या हंगामात माझ्या पायाखालच्या फळीवरच्या सगळ्या खाचा आडव्या दिसल्या. त्याच फळीखालून माझ्या दांड्याची तार जाते. दादाने ती सोडवली आणि मला शोभेचा दांडा धरून बसवले, असे मी धरून चाललो. पुन्हा वर गेलो नाही. दादाशी बोलणे टाकले, ते तो जाईपर्यंत. फळी मात्र उघडली नाही. संशय खरा निघाला तर काय करायचे, ते मला ठरवता येईना.

कलम ५. दादाची मुलगी विमान चालवते. माझ्यामागे तिने साक्षीदारांसमोर ती फळी उघडावी. तार जोडलेली असेल तर विमान तिचे. सोडवलेली असेल तर विमान क्लबचे, आणि दादाचे नाव तिथल्या पाटीवरून पुसावे.

कलम ६. आजच संध्याकाळी जोडलेले. पुतणी आली होती. तिचा चेहरा पाहावा म्हणून वरची दोन्ही कलमे तिला मोठ्याने वाचून दाखवली.

ती म्हणाली, "काका, ती फळी मीच उघडली होती. बाबांना नीट दिसेनासं झालं होतं. तुमची तार झिजली होती, ती त्यांनी मला बदलायला सांगितली. म्हणाले, आता विमान उतरवायचं त्यालाच."

"मग खाचा आडव्या का ठेवल्यास?"

"बाबांनीच सांगितलं तसं. डोळे गेले हे आपण होऊन सांगायला त्यांना जड जात होतं. म्हणाले, खाचा बघून तो भांडायला येईल, तेव्हा सांगेन. फार वाट पाहिली त्यांनी."

माझा कशावरच विश्वास नसल्याने फळी उघडली. तार नवी होती, घट्ट होती.

सबब कलम ५ रद्द. विमान पुतणीचे. अट एकच. फळी परत लावताना खाचा आडव्याच ठेवाव्यात, आणि कुणी विचारायला आले नाही तर आपणच जाऊन सांगावे.

ठिकाण: कार्यशाळा, विमानाखाली
तारीख: आजची, साक्षीदारांनी आपापल्या हाताने घालावी
सही: सुतार, धाकटा भाऊ

आमच्यादेखत सही झाली. सही करताना ते रडत होते, पण शुद्धीवर होते.
साक्षीदार: शेजारचा शिंपी
साक्षीदार: क्लबचा मेकॅनिक