पट्ट्याची की गिअरची

४ मार्च, सोमवार

आज नर्सरीच्या मालकीणबाईंनी सांगून टाकलं. एटीव्ही घ्यायची. जुनी, स्वस्तातली, पण चालणारी. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे हुक. हुकाला गाडा अडकवायचा आणि कुंड्या, माती, छाटलेल्या फांद्या असं सगळं चढावरून रस्त्यापर्यंत ओढायचं. आजवर नर्सरीत हे काम दोन जनावरं करत आलीत. पुढून ओढतं ते मी, मागून ढकलतात ते काका.

गाडी निवडायची कोणी? इंजिनिअरने. म्हणजे मी. सातवी नापास. गेल्या महिन्यात पाण्याचा पंप बंद पडला, मी वैतागून त्याला लाथ घातली आणि तो सुरू झाला. तेव्हापासून मला हे नाव पडलं. त्याआधी चौदा महिने एका गॅरेजात पार्ट धुतलेत, पण ते इथे कोणाला सांगितलं नाही. लाथेचा मान मोठा आहे, तो कशाला घालवा.

जाता जाता बाई म्हणाल्या, "गाडी आली की गाड्याला एकच माणूस पुरे. जो चालवेल तो राहील." आणि पाण्याचा पाइप गुंडाळायला लागल्या. जसं काही उद्या ऊन पडेल एवढंच सांगितलं.

५ मार्च

जो चालवेल तो. काका साठीला टेकलेत, डावा गुडघा वाकतच नाही. खाटेवर बसतात तेही पाय समोर काठीसारखा ठेवून. म्हणजे राहणार मी.

आणि मला तर राहायचंच नाही! दोन वर्षांत ही चौथी जागा. बंदरावरचा मित्र बोलावतोय, तिथे जायचं हे मी सगळ्या नर्सरीला सांगून झालंय. आई फोनवर म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी आहे. निदान तिथे तरी वर्ष काढ."

आम्हा दोघांच्या खोलीत दोन खाटा. माझे कपडे दोरीवर, खिळ्यावर, खुर्चीवर. काकांची पेटी मात्र खाटेखाली कायम भरलेली, वर दोरी बांधलेली. शर्ट हवा असला की दोरी सोडतात, काढतात, परत बांधतात. बघणाऱ्याला वाटेल माणूस उद्या निघाला. अठरा वर्षं झाली इथे. मी रोज जायची भाषा करतो, ते कधी नावही काढत नाहीत.

६ मार्च

पहिली गाडी बघितली. लाल. विकणारा दातांचा डॉक्टर. बाईंनी काकांना बरोबर पाठवलं — "हा बोलण्यात गुंगतो, तुम्ही लक्ष ठेवा."

गाडी पुसून चकाचक. मी आधी इंजिनला हात लावला. गरम. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच उन्हातून सावलीत आणली." काका माझ्या कानाशी म्हणाले, "दात उपटायच्या आधी बधिर करतात, तसं दिसतंय."

गॅरेजात एक गोष्ट शिकलो होतो. गिऱ्हाईक यायच्या आधी ज्याने इंजिन गरम करून ठेवलं, त्याचं इंजिन थंड असताना सुरू होत नाही. म्हटलं, आम्हाला घाई नाही, गार होऊ दे. डॉक्टरांच्या अंगणात दीड तास बसलो. काकांनी त्यांना दाढेचं दुखणं सांगितलं, फुकटात तोंडही दाखवून घेतलं. मग डॉक्टर चावी फिरवतायत, फिरवतायत. गाडीने खोकूनसुद्धा दाखवलं नाही. डॉक्टरांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला.

परतताना काका भलत्याच खुशीत. म्हणाले, "घाई नको. पण फार उशीरही नको."

७ मार्च

चाळीस कुंड्या वर चढवल्या. गाडी यायच्या आत बाई आमच्यातला उरलासुरला रस काढून घेतायत.

९ मार्च, शनिवार

आज जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. मालक जाडा, बोलणं गोड. दोन गाड्या आमच्या ऐपतीत बसतात.

हिरवी. जुनी, रंग उडालेला, सीट फाटून टेप लावलेली. पण इंजिन गार असताना पहिल्या झटक्यात सुरू. चाकं उचलून हलवली, खडखड नाही. तेल काळं पण पाणी शिरलेलं नाही. मागचा हुक घासून चकाकतोय, म्हणजे जन्मभर ओझंच ओढलंय आणि अजून उभी आहे. गिअर डाव्या पायाने टाकायचे, बोटांनी वर, बोटांनी खाली.

निळी. दिसायला नवरी. गिअर टाकायची भानगड नाही, आत रबरी पट्टा आहे, तो आपलं आपण बघतो. हाताशी एक दांडा, 'लो' आणि 'हाय'. अंगठा दाबला की चालली. लहान मूलही चालवेल. पण रोज चढावर ओली माती ओढायची म्हणजे पट्ट्याच्या जिवावर बेतणार.

दोन्हींची किंमत जवळपास तीच. डोळे मिटून हिरवी घ्यावी.

तेवढ्यात काका हिरवीच्या सीटवर थाप मारत म्हणाले, "हीच घे रे. गिअरवाली. दणकट असते."

मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघितलं. म्हटलं, माणूस आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय, आणि वर धोंड्याला शाबासकी देतोय. गिअर पायाने टाकतात हे त्यांना माहीतच नसणार.

१० मार्च, रविवार

दिवसभर डोक्यात हिरवी-निळी.

हिरवी आली तर मी राहतो, काका जातात. या वयात, या गुडघ्याने, कोण ठेवणार त्यांना? निळी आली तर काका चालवतात आणि मी बंदरावर जातो. मला तर जायचंच आहे. आधीच्या तिन्ही जागा भांडून सोडल्या. एक तरी पुण्य करून सोडावी.

काका दुपारी तीनदा म्हणाले, "मग हिरवी ना?" बिचारे.

११ मार्च

बाईंसमोर खोटं बोललो. "हिरवीही वाईट नाही, पण ओढायला निळीच बरी."

"नक्की?"

"इंजिनिअर कोण आहे, बाई?"

बाजूला काका रोपांची पिवळी पानं खुडत होते. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मग हिरवी पानंही खुडायला लागले. वाटलं, भरून आलं असेल.

संध्याकाळी वॉचमन भेटला, तोंड फिरवून गेला. अजून रागात आहे. तो दुपारी शेडमागे झोपतो हे काकांनी मला सांगितलेलं, आणि माझ्याकडून बोलता बोलता बाईंसमोर निसटलं. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. मी काय मुद्दाम केलं?

१३ मार्च, बुधवार

निळी आली. दुकानवाला स्वतः सोडायला आला. बाईंना म्हणाला, "सात दिवसांत काही बिघडलं तर परत आणा, बदल्यात हिरवी घेऊन जा. एक शब्द विचारणार नाही, आपला तसा धंदा नाही." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "फक्त ओझं असलं की दांडा 'लो'वर. 'हाय'वर चढ ओढलास तर पट्टा जळलाच समज."

मी बाईंना छाती काढून सांगितलं, मी महिनाअखेर बंदरावर चाललो, गाडी काका चालवतील. बाई म्हणाल्या, "बरं." अडवतील असं थोडं वाटलं होतं.

काकांना दहा मिनिटांत शिकवलं. पाय समोर काठीसारखा ठेवून बसले, अंगठा दाबला, निघाली. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन वळवूनही आणली.

"जमलं की काका!"

"जमलं," ते म्हणाले. दाढ काढून आलेल्या माणसासारखे.

१५ मार्च

दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना पाठ. आभार नकोत मला, पण हे काय? लोकांचं भलं करणं हे चार बुकं जास्त शिकलेल्यांचं काम असावं.

१६ मार्च

आज शेडमागे त्यांची गाडी अडवली. म्हटलं, माझं चुकलं तरी काय?

काकांनी चावी बंद केली. "गाडी घ्या, गाडी घ्या, असं तीन वर्षं बाईंच्या कानाशी लागलं कोण?"

"कोण?"

"मी. कशाला?"

मला कळेना.

"अरे गाढवा, मी आपणहून सोडलं तर हात हलवत जायचं. त्यांनी काढलं तर जितकी वर्षं तितके पगार देतात. अठरा. म्हणून वाट बघत होतो, गाडी कधी येते आणि मला कधी काढतात. तीही अशी यायला हवी होती की मला चालवता येणार नाही."

"पण गिअर पायाने असतात हे तुम्हाला..."

"माझ्या गुडघ्याला विचार मला माहीत होतं की नाही."

म्हटलं, मग मला आधी सांगायचं होतं ना!

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. वॉचमनचं काय केलंस?"

मी टायरवरची माती खरवडायला लागलो.

थोड्या वेळाने आवाज खाली आला त्यांचा. "काल घरून फोन होता. तुझी काकू विचारते, गाडी आली का? म्हटलं, आली. म्हणते, मग कधी निघताय? काय सांगू तिला? गाडी मलाच चांगली चालवता येते म्हणून सांगू?"

चावी फिरवली आणि गेले. छान वळवली गाडी. मीच शिकवलेलं वळण.

१७ मार्च, रविवार

काका पेटीतून शर्ट काढून गेले. दोरी बांधली नाही. मी बांधली.

निळीच्या बदल्यात हिरवी आली तर ती चालवणारा मी एकटाच. पायाने गिअर टाकणारं इथे दुसरं कोणी नाही, बाई मला जाऊ देणार नाहीत. बंदर गेलं. उन्हाळा इथे, पावसाळा इथे, कुंड्या वर, कुंड्या खाली.

आईला फोन केला. म्हटलं, बहुतेक इथेच राहावं लागेल. ती हळूच म्हणाली, "काय करून बसलास?"

१८ मार्च

बंदरावरच्या मित्राला कळवलं, माझी वाट बघू नको. तो म्हणाला, "बघतच नव्हतो."

१९ मार्च, मंगळवार

सहावा दिवस. सकाळीच गाड्यात ओली माती भरली, रोजच्या दुप्पट. दांडा 'हाय'वर टाकला आणि गाडीचं तोंड चढाकडे केलं. म्हटलं, काका, आज मी चालवतो.

काकांनी दांड्याकडे बघितलं. मग मातीकडे. लंगडत शेडमध्ये गेले, आणखी दोन पोती आणली आणि वर ठेवली.