सटवाच्या पायातल्या बेड्या

मुक्काम बीड, बहमन महिना, १३३२ फसली

प्रिय आक्का,

हे पत्र धर्मराज मास्तर तुला वाचून दाखवतील. त्यांना एवढीच विनंती, मध्ये अवघड वाटलं तरी थांबू नये, शेवटपर्यंत मोठ्यानं वाचावं. दाजी ओसरीवर असतील तर उत्तमच.

दाजींचा भाजलेला हात थंडीत अजून ठणकतो का? मी बरा आहे, पण चार दिवस अन्न गोड लागत नाही. शनिवारी जिल्ह्याचे तालुकदारसाहेब इथला तुरुंग पाहायला येणार आहेत. त्यांच्यापुढे मी आपल्या गावच्या सटवाच्या सुटकेचा अर्ज ठेवला आहे. तुमची कडब्याची गंज पेटून दाजींचा हात भाजला, त्या गुन्ह्यात त्याला दहा वर्षांची सजा झाली. सहा संपली. उरलेली चार तो काढील असं वाटत नाही, खोकल्यातून रक्त पडतं.

तू म्हणशील, सरकारनं दिलेल्या सजेत तू कशाला पडतोस? कैद्यांचे अर्ज लिहायला मला तुरुंगात जावं लागतं. तिथं तो मागावर सतरंज्या विणताना दिसायचा. माग चालवायला पायाखालच्या फळ्या एकामागून एक दाबाव्या लागतात. बेड्यांनी त्याचे घोटे सोलून निघायचे. मागावर बसतात तेवढा वेळ तरी कैद्यांच्या बेड्या काढा, म्हणून मी तीन अर्ज केले. तुरुंगाचे दारोगा वाहेदमियाँ हसले, "मुन्शीजी, पळाला तर त्याच्या जागी तुमी बसता का?" मी म्हणालो, बसतो. पोळ्यापासून बेड्या निघतात. आता आष्टीचे व्यापारी सटवाच्याच हातची सतरंजी मागतात. तो सुटला तर माग टाकायला आपल्या घरची पडवी द्यायला पेठेतल्या रहेमतबी तयार आहेत.

बेड्या निघाल्या त्या दिवशी त्यानं माझे पाय धरले. तेव्हापासून मला धड झोप नाही.

आक्का, तुझी फिर्याद मीच लिहिली होती. तू सांगितलंस, "सटवाच्या चिलमीची ठिणगी उडाली रे बाबा. लई पाणी मारलं त्यानं, पर वारा आवरंना." फिर्यादीला जोर यावा म्हणून आम्ही अर्ज लिहिणारे 'जीव घेण्याच्या इराद्यानं' हे शब्द सरसकट घालतो. तेव्हाही हात तसाच चालला. कागद उर्दूत, तू अंगठा दिलास. कचेरीत तो वाचून दाखवला, तेव्हा सटवाला काही कळलं नाही. प्रत्येक वाक्याला "जी हुजूर" म्हणत राहिला. दहा वर्षं ऐकून तुम्हाला वाटलं, कायदाच तसा असेल. मी मागे उभा होतो, मला कळत होतं. मी गप्प बसलो. शनिवारी हे मी साहेबांना तोंडानं सांगणार आहे. माझा परवाना जाईल, कदाचित वाहेदमियाँच्या ताब्यातही जाईन. पण मी एकटा बोललो तर कैद्याला वाचवायला बनवून सांगतो असं म्हणतील. ठिणगी तू पाहिलीस. शुक्रवारी चकलांब्याहून गाडी जुंपून निघ. फिर्यादीच्या वेळी मला सांगितलंस तेच साहेबांपुढे आपल्या बोलीत सांग. त्याचं उर्दू करायला या वेळी दुसरा माणूस बसवा, असं मी लिहून दिलं आहे.

तुझाच, पण तोंड दाखवायला भिणारा,
रामहरी