शेवटचा पीळ

ता. ३ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: तुझा जुना जाड सुती अंगरखा एक, विजार एक, पांढरा पट्टा एक, दातांवर बसवायचं रबरी कवच एक. कवच नवीन दिसतं. किंमत तू खोडली होतीस, पण उजेडात धरल्यावर वाचता आली. तेवढ्यात आपल्याकडे आठवड्याची भाजी येते. टपालखर्च निराळाच. पुढच्या खेपेला इकडे कुणी येणार असेल तर त्याच्या हाती दे.

मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये बायकांचा ज्युजित्सूचा वर्ग निघाला, तू हात धुऊन मागे लागलीस, म्हणून देवाचं नाव घेऊन नाव घातलं. खरं सांगू, ज्या खेळापायी तू तीन वर्षं रविवारचं घरी येत नाहीस, त्यात आहे तरी काय ते मला पाहायचं होतं. ठोसा नाही, लाथ नाही. नुसतं गादीवर लोळून एकमेकींना जखडायचं. हात किंवा मान अडकली की अडकलेलीनं हाताने थोपटायचं, मग दुसरीनं सोडायचं.

कोच तुझ्याच वयाची आहे. मला काकू म्हणते, पण काकूची भीड काही ठेवत नाही. जोडीला एक बसकंडक्टर दिली आहे. उंच, दणकट, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला उठेल. पहिल्याच दिवशी ती माझ्या पोटावर बसली आणि मी श्वास धरून ठेवला. कोच म्हणाली, काकू, एवढी काटकसर कशाला, श्वास फुकट आहे. सगळ्या हसल्या, मीही हसले, तेव्हा कुठे तो सुटला.

तुझे बाबा म्हणतात, न शिकताच तीस वर्षं मला जखडून ठेवलंस, आता फी कसली भरतेस. मी लक्ष दिलं नाही. एक मात्र पटत नाही. ताकद लावू नका, असं कोच सारखं बजावते. ताकद न लावता आजवर माझं एक तरी काम झालं आहे का?

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी आई


ता. ७ जून

तीर्थरूप आईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र माझ्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. काटकसरीपाशी आमचे कोच इतके हसले की डोळे पुसावे लागले. आता सगळ्यांना तुला भेटायचं आहे.

तुला शहाणपण शिकवायला मी कोण, पण मी खाल्लेल्या ठेचा सांगते. पहिले दोन महिने समोरचीची कॉलर अशी गच्च धरायचे की रात्री चमचा धरवत नसे. नीट बूड टेकायच्या आधीच मानेवर झेप घ्यायचे आणि स्वतःच खाली यायचे. आधी जागा पक्की कर, मग डाव. आणि थोपटायला मला लाज वाटायची. तुझी लेक ना मी, हार कसली मानते. महिनाभर कोपर सरळ होत नव्हतं. तुला जिन्यावरून पडले म्हणून कळवलं होतं, ते हे.

नखं काप, अंगरखा दरवेळी धू, हे तुला सांगायला नको. पण दुसरीनं थोपटलं की तिथल्या तिथे सोडायचं, हे मात्र सांगते. त्यात जरासुद्धा मागेपुढे नको.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी चिमणी


ता. १२ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. गुरुवारच्या आत यायला हवं होतं.

गुरुवारी कंडक्टरचा हात पहिल्यांदाच माझ्या तावडीत आला. कोपर माझ्या गुडघ्यांमध्ये, मनगट माझ्या छातीशी, शिकवलं होतं अगदी तसं. तिनं थोपटलं. मला कळलं नाही असं म्हणणार नाही, चांगलं कळलं. पण तुला माझं धुणं ठाऊक आहे. ओली चादर पिळायला घेतली की शेवटचा थेंब निघेस्तोवर माझे हात सुटत नाहीत. हाताला धरलेलं काम अर्धं टाकायचं नाही, हे अंगातच मुरलेलं. मी आणखी एक पीळ दिला. ती ओरडली, तेव्हा सोडलं.

कोपर सुजलं आहे. डॉक्टरांनी तिला बसवर जायची बंदी केली. डेपोत एका हाताने कागद लावत बसते. मी तिच्या घरी जाऊन आले. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, की काकू, मी थोपटलं होतं.

कोचनं माझं कुणाशीही खेळणं बंद केलं आहे. कंडक्टर परत आली आणि आपणहून माझ्याशी खेळायला तयार झाली तरच मी वर्गात, नाहीतर नाव कमी. आणि मला तर गादीच्या कडेला बसणंसुद्धा गोड वाटायला लागलं होतं. पण कोणत्या तोंडाने वाट पाहू? अंगरखा धुऊन घडी करून ठेवला आहे. तुला परत पाठवावा म्हणते.

तुझ्या जिन्याचं नंतर बघते.

तुझी आई


ता. १६ जून

तीर्थरूप आईस शि. सा. नमस्कार.

अंगरखा पाठवलास तर मी पार्सल घेणार नाही, टपालखर्च अंगावर पडेल.

आई, तू रोज जा. खेळू देत नाहीत तर खाली पडून राहायला माग. कोचला म्हणावं, माझा हात अडकवा, मला थोपटायला शिकायचं आहे. तुझी दाढ किडली तेव्हा तू अर्धं वर्ष लवंग धरून काढलंस. हात भाजला तर पाण्याखाली धरायच्या आधी गॅस बंद करून ओटा पुसलास. स्वतःच्या तोंडून कधी पुरे म्हटलं नाहीस, मग दुसरीचं पुरे हाताला कसं कळावं? मीही तुझंच पाहून शिकले, म्हणून तर जिना झाला.

आणि तू तिच्या घरी गेलीस. माझ्या हातून एकीचा खांदा दुखावला होता, तेव्हा मी फोनसुद्धा केला नव्हता. तू गेलीस, हे इथे सगळ्यांना सांगितलं मी, मान वर करून.

माझ्यावरची माया ठेव आणि वर्गातलं नावही ठेव.

तुझी चिमणी


ता. ९ जुलै

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. रोज गेले, खाली पडून राहिले. कोच हळूहळू हात ताणायची आणि मी थोपटायची. पहिले काही दिवस उशीर व्हायचा. ती विचारायची, काकू, दुखलं का? मी म्हणायची, फार नाही. त्यावर ती कपाळाला हात लावायची. दुखायच्या आधी सांगायचं असतं, हे या वयात शिकताना वाघ परवडला असं वाटायचं.

परवा कंडक्टर परत आली. कोचनं तिला विचारलं, कुणाशी खेळणार. तिनं सगळीकडे पाहिलं आणि बोट माझ्याकडे केलं. आधी तिनं माझा हात धरला. ताण आला, दुखणं अजून लांब होतं, तेवढ्यात मी थोपटलं. तिनं लगेच सोडलं. मग माझी पाळी. तिचं तेच कोपर माझ्या गुडघ्यांमध्ये. मी अजून काही आवळलंही नव्हतं आणि तिनं मुद्दाम एकच बोट टेकवलं. मी इतक्या झटक्यात सोडलं की माझी मीच मागे उलथले. ती म्हणाली, पुन्हा. पुन्हा तसंच. मग म्हणाली, आता खरं खेळू या. खरं खेळलो. ती जिंकली, मला उताणी पाडून. पण श्वास धरला नाही, कॉलर आवळली नाही, आणि वर होते तेवढा वेळ जागा सोडली नाही. नाव राहिलं, बाळ.

बाबा मला न्यायला दाराशी आले होते. घरी आल्यावर शेजारच्यांना सांगताना ऐकलं, आमच्याकडे हल्ली जपून बोलावं लागतं.

काल एक नवीन बाई आली. बँकेत कारकून आहे, खांदा पूर्वी एकदा निखळलेला, भीतीने घामेघूम. कोचनं सगळ्यांवर नजर फिरवली आणि तिला माझ्यापुढे बसवलं. कंडक्टर पलीकडून तिच्या त्या आवाजात म्हणाली, की बाई, काकूंकडे हात बिनधास्त द्या, इथे सगळ्यात सांभाळून सोडणारा हात तोच. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही देवापुढे मी इतका वेळ उभी राहिले नव्हते.

तुझ्या वर्गात नवीन मुलगी आली, की कोच तिला पहिल्यांदा कुणाच्या हाती देतात? तुझ्या हाती देत असतील तर उलटटपाली कळव. देत नसतील, तर का देत नाहीत तेही उलटटपालीच कळव.

तुझी आई