सरळ रेघ आणि माझा डावा गुडघा

ती. आत्येस,

लांबूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (माझा डावा इथे फार गाजतोय, ते पुढे येईलच.) आतोबांचा खोकला? मी सुखरूप आहे आणि, नीट बसून वाच, अजून त्याच नोकरीत आहे. बेकरी, बॅटरीचं दुकान आणि मधमाश्या (त्यांनीच मला सोडलं) झाल्यावर आता लेसरची प्रयोगशाळा!

काम सोपं. टेबलावर आरसे, आरशांवरून फिरणारा लाल झोत, आणि त्याचा जोर किती ते संगणक सतत मोजून पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवतो. झोत स्थिर, तर रेघ सरळ. मी फक्त रेघ बघत बसायचं. बसायचा पगार मिळतो, हे आतोबांना जरूर सांग.

पण रेघ सरळ येईना. नागासारखी डुलायची. आमच्या बाईंनी (शास्त्रज्ञ आहेत, पण माणूस म्हणून चांगल्या) केबली बदलल्या, आरसे पुसले, पंखा बंद करून दोघांनाही उकडून काढलं. मीही ज्ञान पाजळलं, की झोतालाच हुडहुडी भरत असेल. मी चहा आणायला गेलो की मात्र रेघ शहाण्यासारखी सरळ! बाईंनी आधी चहावर संशय घेतला. शेवटी पडदा सोडून माझ्याकडेच बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अरे महाराजा, तो पाय थांबव!" मी थांबवला. रेघ थांबली. इथली जमीन फळ्यांची, त्यामुळे खुर्ची कोपऱ्यात नेली तरी गुडघा पडद्यावर हजर. आत्या, जेवताना ज्या गुडघ्यावर तू चापट मारायचीस, त्याचा आता आलेख निघतो.

मग मला बाहेर बसवलं, तर संगणक अडून बसला. तो मध्येच गोठतो आणि माझ्याच थापेने जागा होतो (बाईंची थाप त्याला लागत नाही), म्हणून मी आत हवाच. गुरुवारी मोठे साहेब येणार. त्यांना तासभर रेघ सरळ दिसली तर प्रयोग चालू आणि मी कायम. नाहीतर दोघांनाही नारळ.

तुझा,
हलता भाचा

ता. क. काळजी नको. पाय आवरायला मी पूर्ण शिकलोय.

दुसरा ता. क. अक्षर वेडंवाकडं दिसतंय, ते त्याच गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय म्हणून.

तिसरा ता. क. बुधवारीच ये. गुरुवारी तासभर शेजारी बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेव. तुझा हात असला की तो गपगार असतो. बाईंना विचारलंय. म्हणाल्या, "आण त्यांना. साहेबांनी विचारलं तर उपकरण आहे म्हणून सांगू." फक्त विणकाम आणू नकोस. विणताना तुझाही पाय हलतो.