गाद्यांमागची एअरबॅग

र्‍योहेई,

गाद्या काढायला कपाट उघडलं, तर मागे गाडीची एअरबॅग! माझ्याच टॉवेलात गुंडाळलेली. बोटांनी गिअर बदलायची हौस म्हणून पॅडलवालं स्टिअरिंग बसवलंस, तेव्हा ही काढलीस होय? अरे, ऑटोमॅटिक गाडी आहे ती! मला म्हणालास, "फक्त दिसायला वेगळं आहे." तीन आठवडे मी कोतोनेला त्याच गाडीतून बालवाडीत सोडतेय. आणि स्टिअरिंग बसवलंस त्याच दिवशी तू देवळातून अपघात टळायचा ताईत आणून आरशाला टांगलास. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. शिसारी आली मला तुझी.

आम्ही बसने आईकडे चाललोय. कुकरमध्ये भात आहे. ताईत काढू नकोस. आता त्या गाडीत तू एकटाच बसणार आहेस.

शिओरी