नाताळाला बघू

बाबा, आज नाताळचा तिसरा दिवस, आणि घरात अजून पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही सुना, लेक-जावई, नातवंडं, धाकट्या भावाचं सगळं बिऱ्हाड, सगळे इथंच मुक्कामाला. पातेली घासून माझ्या हातांची सालं निघाली. परवा सकाळी बोकड कापला तेव्हा तो खाटकाच्या हातून सुटला आणि अर्ध्या कापल्या मानेनं अंगणभर धावला. रांगोळीवर, पायरीवर, कुंडीवर सगळीकडे रक्त. पोरं किंचाळत घरात पळाली, आणि मी बादली घेऊन अंगण धुतलं. धुता धुता तुमची आठवण झाली. दुपारपासून सुना आपापल्या पोरांचं सांगत बसल्या, कोण कितवा आला, कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरतंय. वर्ष सरताना पोरांचा हिशेब सांगायची ही खोड आपल्या घराला तुम्ही लावलीत. मी ऐकून घेते आणि ज्याच्या त्याच्या हातावर करंजी ठेवते. मग मनात आलं, हा हिशेब ऐकायची ज्याला सगळ्यात जास्त हौस होती, त्याला इतक्या वर्षांत कुणी काही कळवलेलंच नाही.

तुमची एक गोष्ट मान्य करायला हवी. तुम्ही आम्हाला रोज मारलं नाहीत. गिरणीच्या चाळीतले बाकीचे बाप पगाराच्या दिवशी पिऊन यायचे आणि हाताला लागेल त्यानं बायकापोरांना बडवायचे. तुम्ही त्यांना नावं ठेवायचात. 'रागात मारतंय ते जनावर. मानसानं थंड डोक्यानं मारावं.' म्हणून आम्ही जूनमध्ये कंदिलाची काच फोडली तरी तुमचा आवाज चढायचा नाही. शर्टाची बाही खाली करत तुम्ही एवढंच म्हणायचात, 'नाताळाला बघू.' पुढं पावसाळा, दसरा, दिवाळी, सगळं त्या शब्दांखाली जायचं. मिशनच्या शाळेतली बाकीची ख्रिस्ती पोरं कामट्यांचा तारा कधी टांगायचा म्हणून दिवस मोजायची. दिवस आम्हीपण मोजायचो.

नाताळच्या दिवशी उपासना झाली, मटण-पुरीचं जेवण झालं, की तुम्ही पाहुण्यांसमोर पाट मांडायचात. पाहुणे म्हणजे पाळकसाहेब, तुम्ही गिरणीत जॉबर, तुमच्या हाताखाली माग चालवणारे दोन साचेवाले आणि शेजारच्या तेलुगू विणकरांकडची अक्का. एकेका पोरानं पाटावर उभं राहायचं, एक वचन म्हणायचं, आणि तुम्ही त्याचं साल सांगायचात. साल चांगलं असलं तर डोक्यावर हात आणि एक संत्रं. वाईट असलं तर पट्टा. तो पट्टा गिरणीतल्या मोठ्या चाकावरचा, पंजाएवढा रुंद. फिरता फिरता तुटला आणि तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. तुम्ही बोटं तिथंच टाकलीत आणि पट्ट्याचा तुकडा घरी आणलात. वर्षभर तो फडक्यात गुंडाळून पेटीत, चांगल्या कपड्यांच्या खाली असायचा. तो पाठीवर बसला की आधी नुसता आवाज यायचा आणि दुखणं मागाहून यायचं. दादा त्याच्या नवव्या वर्षी पाटावरच ओला झाला होता. पाहुणे मान डोलवायचे, 'जॉबरची पोरं कशी वळणात हायत बघा.' नंतर सगळ्यांना चहा.

मुलीचा हिशेब सगळ्यात शेवटी. तोवर पाहुणे सुपारी कातरत गप्पांना लागलेले असायचे. तुम्ही म्हणायचात, 'हिचं काय, बरं हाय,' आणि संत्रं द्यायचात. पट्टा मला कधी पडला नाही, पण डोक्यावर हातही कधी आला नाही. धाकट्याच्या डोक्यावर तुमची तीन बोटं पसरलेली मी दरवर्षी बघायची. ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी शाळेत मी पहिली आले होते, मुलांनासुद्धा मागं टाकून. मास्तरांनी तुम्हाला रस्त्यात थांबवून ते सांगितलं. तुम्ही घरी येऊन माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, 'नाताळाला बघू.' तुमचे तेच दोन शब्द ऐकून मी आनंदानं नाचले.

त्याच सालच्या उन्हाळ्यात गावात गोरं लष्कर आलं होतं. पांढरी टोपी दिसली की काठीनं उडवत. दादा सोळा वर्षांचा. त्यानं कुठून तरी खादीची टोपी पैदा केली आणि गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला. एका शिपायानं त्याला इतकं झोडपलं की खांदा खाली आला आणि कानातून रक्त. अक्काच्या नवऱ्यानं त्याला हातगाडीवर घालून आणलं. आई हळद गरम करत होती. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून बघितलंत, आणि त्या हातगाडीवरच्या पोराला म्हणालात, 'नाताळाला बघू.' आई तव्याशी होती. तिनं वर बघितलं नाही, पण उलथनं तिच्या हातात तसंच राहिलं आणि हळद करपली. मला वाटतं, तिचं त्या क्षणी ठरलं.

नाताळच्या आदल्या दिवशी पट्ट्याला तेल लावायचं काम माझं. चामडं तडकू नये म्हणून करंज्या तळलेलं तेल चोळायचं. मी पेटी उघडली, कपडे उचलले, फडकं सोडलं, तर पट्टा नाही, आत आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची गुंडाळी. मी वळले तर आई मागं उभी. 'गप ऱ्हायचं,' ती म्हणाली. 'तेल लावलं म्हनून सांग.' मी तुम्हाला तेल लावल्याचं सांगितलं. त्याच दुपारी तिनं दादाच्या पुढ्यात नव्या चपला ठेवल्या. दादाच्या पायात तोवर कातडं कधी गेलं नव्हतं. तो अंगणात नुसता इकडून तिकडे चालत राहिला. नाताळच्या सकाळी चर्चला जाताना तुम्ही वाकून त्या चपलांच्या तळावर अंगठा दाबून बघितलात आणि आईला म्हणालात, 'असलं चामडं बाजारात न्हाय मिळत. चांभार कुटला?' आई म्हणाली, 'वळखीचा हाय.' संबंध उपासनेत मी त्या चपलांकडे बघत होते. पाळकसाहेब शांतीवर बोलत होते, आणि त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही.

जेवणं झाली, तुम्ही पाट मांडलात. धाकट्यानं वचन म्हटलं, हात घेतला, संत्रं घेतलं. मग दादा. एक खांदा खाली आलेला, तसाच उभा राहिला. 'ह्याचं साल,' तुम्ही सुरू केलंत. आवाज नेहमीसारखाच थंड. 'ह्यानं टोपी घातली. गिरणीच्या दारात सायबाच्या गाडीम्होरं उभा ऱ्हायला. सायबानं मला बोलावून इचारलं, जॉबर, ह्यो पोरगा तुजा का? आन मला म्हनावं लागलं, न्हाय साहेब, माजा न्हाय.' पाळकसाहेबांनी एकदम मान वर केली.

'मी तुमचा न्हाय,' दादा म्हणाला, 'तर मग मारताय कुनाच्या पोराला?'

एक साचेवाला हसला. तोंडात सुपारी होती, ठसका लागला, तरी हसला. बाबा, त्या हसण्यानं तुमचा चेहरा कसा झाला तो मी बघितला. 'पट्टा आन,' तुम्ही मला म्हणालात. मी पेटीकडे गेले आणि चिंध्या भरलेलं फडकं घेऊन आले. दुसरं काय आणणार? तेवढ्यात आई आतून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. 'पट्टा पोराच्या पायतानात हाय,' ती म्हणाली. 'सकाळी हात लावून बघितला की तुमी.' आता सगळेच हसले. पाळकसाहेबसुद्धा.

तुम्ही दाराशी गेलात, एक चप्पल उचललीत, उलटी करून बघितलीत. मग चार पावलांत येऊन ती आईच्या तोंडावर मारलीत. आयुष्यात पहिल्यांदा रागात मारलंत. ओठ फाटला, दात बाहेर आला, पिठाच्या हातांवर रक्त पडून त्याचे गोळे झाले. तुम्ही तिचे केस धरून तिला खाली ओढलंत आणि पुन्हा मारलंत, पुन्हा, कानावर, मानेवर, डोळ्यावर. अक्का तुमच्या दंडाला लोंबकळून ओरडत होती, 'वद्दु अन्ना, वद्दु, नको मारू, मरंल ती.' तुम्ही तिला भिंतीवर फेकलंत. वर टांगलेल्या ताऱ्याची दोरी तुटून तो पातेल्यात पडला. साचेवाले दारापर्यंत पळाले आणि पाळकसाहेब ताटली छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते. तेव्हा दादानं दारातली दुसरी चप्पल उचलली. पहिला फटका तुमच्या गालफडावर बसला. तुम्ही वळलात. दुसरा नाकावर, हाड मोडल्याचं मी ऐकलं. बापाला पोरगा पायताणानं मारतो आहे, चार माणसांसमोर, नाताळच्या दिवशी. तुम्ही तीन बोटांचा हात वर केलात, त्यावरही त्यानं मारलं. तुम्ही खाली बसलात तरी तो थांबला नाही. त्याचा खाली आलेला खांदा हलत नव्हता, एकाच हातानं मारत होता, आणि रडत होता. शेवटी आईनं सरपटत येऊन त्याच्या पायाला मिठी मारली. त्यानं चप्पल टाकली आणि अनवाणी निघून गेला.

तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. नाकातून रक्त, गालावर चपलेच्या खिळ्यांचे ठसे. मी पाटावर उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, 'उतर खाली.' अक्कानं मला उचलून घेतलं. 'पोरगी भ्याली,' ती म्हणाली, 'पानी द्या कुनी तरी.' दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तसे तुम्ही कामाला गेलात. गालाचं कुणी विचारलं तर सांगायचात, पट्टा तुटला. त्यानंतर आपल्या घरात पाट जेवायलाच मांडला गेला. चार वर्षांनी कापसाच्या धुळीनं तुमची छाती भरली आणि तुम्ही गेलात. तोवर तुम्ही दादाचं नाव काढलं नाहीत, आम्हीही काढलं नाही.

तर आता हिशेब घ्या. दादा त्या दिवशी चालत स्टेशनात गेला आणि मिळेल त्या गाडीत चढला. पुढं जेऊरला रेल्वेत रुळांच्या कामावर खलाशी लागला, तिथंच म्हातारा झाला. पोरांना कधी बोट लावलं नाही त्यानं. वहिनी सांगते, राग आला की रुळाच्या कडेनं चालत सुटतो, पार पुढच्या फाटकापर्यंत, आणि थंड होऊन येतो. कॅनव्हासचे बूट घालतो. चपला घातलेलं मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. आई ओठाची खूण घेऊन पुष्कळ जगली. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली. 'चामडं लई चांगलं व्हतं,' म्हणाली, आणि हसली. धाकटा हेडमास्तर झाला. बोलणं गोड, छडी टेबलावर. पोरांना तो म्हणतो, 'शनिवारी बघू.' परवा इथं चुलीपुढं त्यानं माझ्या नातवाला तेच ऐकवलं. मी करंज्या तळत होते. हातातला झारा त्याच्या मनगटावर ठेवला. गरम होता. हेडमास्तर केवढ्यानं ओरडले. रागात ठेवला बाबा, जनावरासारखा, आणि त्याचं मला अजून काही वाटलेलं नाही.

राहिले मी. मी नर्स झाले, इथल्याच दवाखान्यात. गिरण्यांतून आलेले चेचलेले हात धरून बसले, तुटलेली बोटं बादलीत टाकली, बायकांचे फाटलेले ओठ शिवले. कसे फाटले ते विचारलं नाही, मला ओळखू यायचं. लोक म्हणतात माझा हात हलका आहे. चार मुलं वाढवली. माझं साल बरं गेलं, यंदाचं आणि बाकीचीही.

हे पाठवायचं कुठं? पोस्टमन कबरस्तानात जात नाही, आणि वाचून दाखवावं असं घरात कुणी नाही. कागद दुमडून पिठाच्या डब्याखाली ठेवेन. एक तेवढं राहिलं. अक्का जन्मभर सांगत राहिली की त्या दिवशी पोरगी भ्याली आणि दगडासारखी पाटावर उभी राहिली. आईलाही तसंच वाटलं. मी भ्याले नव्हते, बाबा. दादा दारातून गेला, त्याचा नंबर संपला, माझा आला, म्हणून मी पाटावर चढले होते.