सफरचंदाखालची बैठक

ती. सरलाताईस,

धाकट्या शशिधरचा वाकून नमस्कार (कमरेमुळे अर्धाच झाला, उरलेला मानून घे). तुझा गुडघा आणि भावजींचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील.

आमच्या शर्वाणीच्या त्या लुकासला तोंडावर नकार देऊन ये, असं तू बजावलं होतंस. माझंही तेच मत होतं (नातवंडांशी जर्मनमध्ये लाडीगोडी मला जमायची नाही). म्हणून रविवारी झिंडेलफिंगेनहून त्याच्या आजीच्या गावी गेलो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी गाव कसं बचावलं, ते सांगणारी पायवाट आहे तिथे. शेतांतून चालायचं, पाटी आली की थांबून गंभीर व्हायचं. पण एप्रिलच असा, की गंभीर राहवेना. सफरचंदं फुललेली, धुक्यात टेकड्या तरंगताहेत, आणि मी घोकलेली नकाराची वाक्यं एकेक करून वाऱ्यावर चाललेली.

पाट्या न वाचता मी आणि तुझी भावजय नंदा पुढे निघालो. आजींच्या कुंपणावर पांढरी चादर. लग्नाची बोलणी आणि पांढरी चादर! मुलाकडच्यांनी बैठकीची सोय केली, पण अंथरायची कशी हे बिचाऱ्यांना कळलं नसेल, असं समजून मी ती उतरवली, झाडाखाली पसरली आणि मुलीच्या बापाला शोभेलशी मांडी घातली. नंदाने दशम्या आणि लसणाची चटणी काढली.

मागून आलेली मंडळी कुंपणापाशीच थिजली. शर्वाणी जर्मनमध्ये काय म्हणाली, ते लिहीत नाही. आजींनीच शांतपणे सांगितलं, शर्वाणी मराठीत करत गेली. त्या पाच वर्षांच्या असताना शत्रूच्या फौजा वेशीवर आल्या. शरणागतीचं पांढरं फडकं लावणाऱ्याला आपलेच सैनिक गोळी घालत होते. तरी त्यांच्या आईने हीच चादर खिडकीतून सोडली, आणि गाव वाचलं. दर एप्रिलला ती बाहेर निघते.

मी उठू लागलो, तर मांडी सुटेना. आजींनी बूट काढले, शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, तर मग बसा. माणसांनी जिवंत राहून जेवावं, म्हणूनच आईने ती लावली होती." मग दशमीचा तुकडा मोडला. चटणीचं तेल चादरीवर सांडलं, वरून पाकळ्या पडत राहिल्या, कुणालाच घाई नव्हती. मुलगा आम्हाला पसंत आहे, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. नंदा सांगते, तो मीच, आणि तेही मराठीत. लुकास अक्षरही न कळता म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर, म्हणे.

तुझा आज्ञाधारक (रविवार दुपारपर्यंत),
शशिधर

ता. क. भावजींना तूच सांग. माझ्यात ती हिंमत नाही.

ता. क. २ आताच कळलं, दोघांनी नोंदणी कचेरीतून लग्नाची जूनची तारीख मार्चमध्येच घेतली होती. बापाला नुसतं फिरायला नेलं होतं. हे मात्र भावजींना सांगू नकोस. निदान एका घरात तरी माझ्या होकाराला किंमत राहू दे.